अधिक एकने सुरू होणारे तीन नंबर

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चि. पुतण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेअर ब्रोकिंगसाठी धरमपेठेत ऑफिस घेतलंस, फार आनंद झाला. पाठवलेलं सादरीकरण दोनदा वाचलं, आकडे चोख आहेत. पण सोबतच्या गुंतवणूकदारांच्या यादीवर माझी पेन्सिल तीन ठिकाणी थांबली. तीन मोबाइल नंबर अधिक एकने (+1) सुरू होतात, म्हणजे ते अमेरिकेतले.

तू लिहितोस, ही आपलीच माणसं, रामदासपेठेत वाढलेली; शेअर इथले, नोंदणी सेबीची. सगळं खरं आहे. पण अमेरिकेचा सिक्युरिटीज कायदा गिऱ्हाइकाचं मूळ गाव विचारत नाही, ते आज राहतं कुठे हे बघतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या एसईसीने, म्हणजे आपल्या सेबीसारख्या बाजार नियंत्रकाने, चार भारतीय ब्रोकिंग कंपन्यांवर कारवाई केली. कुणाचे पैसे बुडवल्याचा आरोप नव्हता. तिकडे नोंदणी न करता अमेरिकी गुंतवणूकदारांना भेटायला माणसं पाठवली, भारतीय शेअरचे व्यवहार करून दिले, हाच ठपका. चौघींनी मिळून १८ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरली. नावाला लागलेला डाग वेगळाच.

एसईसीच्या नियम १५ए-६ मध्ये परदेशी ब्रोकरसाठी एक वाट आहे: गिऱ्हाइकाने आपणहून ऑर्डर दिली तर चालतं. तू आधी फोन केलास, पत्रक पाठवलंस, की ती बंद. अमेरिकी ब्रोकरला मध्ये घालून संपर्क करण्याची सवलत आहे ती संस्थांसाठी, तुझ्या यादीतल्या तिघांसारख्या नोकरदारांसाठी नाही.

कुणीतरी तुला अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा २०१० चा मॉरिसन निकाल ऐकवेल, की तिथला कायदा परदेशातल्या व्यवहारांना लागत नाही. त्यावर विसंबू नकोस. तो फसवणुकीच्या कलमाबद्दल आहे, नोंदणीबद्दल नाही. आणि त्याच वर्षी डॉड-फ्रँक कायद्याने एसईसीचा हात पुन्हा लांब केला. ‘नागपुरात कोण येतंय विचारायला’ असंही मनात आणू नकोस. सेबीने आयोस्कोच्या, म्हणजे देशोदेशीच्या बाजार नियंत्रकांच्या संघटनेच्या, माहिती-देवाणघेवाणीच्या करारावर २००३ मध्येच सही केली आहे. तिकडून विचारणा झाली की कागद इथूनच मागवले जातात.

तुझा वकील मित्र अभिप्राय लिहून देणार आहे ना? त्याला माझा निरोप दे, अमेरिकी कायद्यावर इथे बसून मत देऊ नकोस, तिथल्या वकिलाचं घे. नाहीतर सहीची जबाबदारी त्याच्याही गळ्यात येते.

आणि एक, हे मी जवळून पाहिलंय. माझ्या उमेदवारीच्या काळात एका अशिलाने नोटीस आली त्याच रात्री मेल पुसून टाकले. मूळ चूक दंडावर मिटली असती. पुसलेल्या मेलचा खुलासा देता देता आमचं वर्ष गेलं, आणि त्या माणसाची झोप कायमची गेली. अमेरिकेत तपासात अडथळा आणायला कागद नष्ट केले तर २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑफिसच्या व्हॉट्सॲपवरचं आपोआप पुसण्याचं सेटिंग आजच बंद कर.

शनिवारी संध्याकाळी यादी घेऊन घरी ये. तोवर त्या तिघांना काही पाठवू नकोस, दिवाळीच्या शुभेच्छांसोबतसुद्धा नाही.

तुझा,
काका