मराठी चर्चमध्ये आठ महिने जातोय, कोणी ओळखही दाखवत नाही. चर्च बदललं तर ती बेइमानी होईल का?

कुकर गॅसवर ठेवून लिहायला बसलेय, थोडं विस्कळीत झालं तर चालवून घ्या.

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून नोकरीसाठी पुण्यात आलात, दर रविवारी चर्चमध्ये मराठी भक्तीला, म्हणजे उपासनेला जाता, दारात पाळकसाहेब हात मिळवतात तेवढंच, बाकी कोणी साधं नाव विचारलं नाही. आणि ऑफिसमधला मित्र ज्या हॉलमधल्या फेलोशिपला, म्हणजे नव्या स्वतंत्र चर्चला घेऊन गेला तिथे पहिल्याच दिवशी वीस जणांनी मिठ्या मारल्या. भाऊ, आठ महिने म्हणजे काहीच नाही. माझी साडेचार वर्षं गेली.

माझं माहेर नेवाशाकडचं. आमचं घराणं जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे गावच्या मंडळीत (चर्चच्या लोकांना आपण मंडळी म्हणतो) मी कुणाची कोण हे कधी सांगावंच लागलं नाही, पाळण्यात होते तेव्हापासून सगळ्यांना माहीत. 2004 ला लग्न होऊन पुण्यात आले आणि इथल्या चर्चमध्ये एकदम "अमक्यांची धाकटी सून" झाले. नाव कोणाला ठाऊक नाही. प्रश्न एकच, "माहेरचं आडनाव काय?" आणि तो प्रश्न वाटतो तितका साधा नसतो. आपल्यात जातपात नाही असं आपण स्टेजवरून सांगतो, पण आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यात हिशोब चालू झालेला दिसतो. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी चर्चमध्ये स्थळं बघायची बोलणी चाललेली असतात ना, तिथे शेजारी बसून गुपचूप ऐकावं.

तर 2008 चा कापणीचा सण. तुमच्याकडेही असेलच, प्रत्येकाने काहीतरी आणायचं, भक्ती झाली की आवारात लिलाव. आमच्याकडे लिलाव करणारे काका कंपनीतून रिटायर झालेले, आवाज असा की माइक लावला तर कान फुटतील. त्या वर्षी एक भोपळा नऊशेला गेला, दोन भावांनी हट्टाने चढवत नेला. गावठी कोंबडा, केक, पापड सगळं पटापट चाललेलं. मी कारळ्याची चटणी नेली होती, आईच्या हातची पद्धत, मोठी काचेची बरणी भरून. काकांनी बरणी वर धरली, "बोला, दहा रुपये!" कोणीच बोलेना. काका परत ओरडले, "अरे कोणाची आहे ही? बोला की!" नवरा नेमका गाडी काढायला गेलेला. शेजारी माझी मोठी जाऊ बसली होती, ती हळूच म्हणाली, "कारळं कशाला आणलंस गं, केक आणायचा." मला वाटलं आता उठावं आणि थेट बसस्टॉपवर जाऊन उभं राहावं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एक मावशी, कॉटनची पांढरी साडी, कायम कपाळाला आठी, म्हणाल्या "पन्नास". ते पण अशा आवाजात की जणू कोणाला तरी रागावतायत. बरणी त्यांची झाली.

पुढच्या रविवारी तीच बरणी धुऊन, पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली. मला वाटलं आता दोन गोड शब्द येतील. म्हणाल्या, "मीठ जास्त पडलंय. आणि कारळं नीट भाजलं नव्हतंस."

मी इतकी पेटले! बुधवारी परत केली चटणी, मोजून मीठ, मंद आचेवर भाजून, आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवली, घ्या म्हटलं, आता सांगा. त्यांनी बोटावर घेऊन चाखली, काही बोलल्या नाहीत, कोरा चहा केला. मग विचारलं, "तुझं नाव काय? तुझं, सासऱ्याचं नाही." साडेचार वर्षांत पहिल्यांदा. आणि निघताना म्हणाल्या, महिला मंडळाला कप कमी पडतात, पुढच्या वेळी येताना सहा घेऊन ये. त्या सहा कपांनी मी मंडळात गेले आणि तेव्हापासून आजपर्यंत कप धुतेय. मावशींनी मला कधी जवळ घेतलं नाही हो, आवडायचेच नसेन कदाचित. पण एखादा रविवार चुकला की सोमवारी सकाळी फोन, "आजारी आहेस की आळस?"

म्हणून त्या वीस मिठ्यांचं मला फार कौतुक नाही. पहिल्या दिवशी मिठी मारणाऱ्यांची टीम असते, त्यांना टी-शर्ट पण असतात. तुम्ही सहावा रविवार चुकवलात तर फोन कोणाचा येतो ते बघा आणि मग मला सांगा.

आता जाऊबाई. त्या 2011 मध्ये मुलाबाळांसकट अशाच एका फेलोशिपला गेल्या आणि तेव्हापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे, प्रत्येक नाताळला, करंज्या तळताना. त्यांचं म्हणणं, तुमची मंडळी मेलेली, पुस्तकातून प्रार्थना वाचता, कमिटीच्या निवडणुका आणि जमिनीच्या भानगडी याशिवाय काही नाही, येशू पुरे आहे, संस्था कशाला. वर टिळकांचं उदाहरण देतात! ज्यांची गीतं तुम्ही दर रविवारी गाता त्या ना. वा. टिळकांनीच 1917 ला मिशन सोडलं की, मग मी सोडलं तर काय बिघडलं?

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नव्हतं, आज देते. टिळक मिशन सोडून साताऱ्याला गेले आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा, भजन आपल्या मातीतलं. मिशनची नोकरी सोडून पदरचं घालून गेले ते. एसी हॉल आणि पार्किंग मिळतं म्हणून नाही गेले. आणि उदाहरणच द्यायचं तर त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं द्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 ला, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर एकत्र आल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही, आणि मग स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. इतका वेळ लागतो माणसाला. पहिल्या रविवारी होत नसतं.

आणि संस्था नको म्हणणाऱ्यांना संस्था कधी लागते माहितीय? सासूबाई 2016 ला गेल्या, रात्री दहाच्या सुमारास. शेवटपर्यंत त्यांची वर्गणी भरलेली, रजिस्टरला नाव. अकरा वाजेपर्यंत मंडळीतली माणसं घरात, दफनभूमीतल्या माणसाला उठवायला दोघं गेले, शवपेटीचं एकाने बघितलं, पाळकसाहेब पहाटे परत आले. मावशींचा गुडघा गेलेला, तरी रिक्षाने येऊन रात्रभर खुर्चीत बसून गीतं चालू ठेवली, मध्ये मला चाल चुकली म्हणून टोकलं सुद्धा. जाऊबाईंना वाटत होतं दफनविधी त्यांच्या पास्टरनी करावा. आमचे पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना जरूर करा, विधी नेमाप्रमाणे होईल. यावरून कबरीपाशी तोंड वाकडं, आणि नंतर पाहुण्यांमध्ये बोलणं की सगळं आमच्या फेलोशिपने केलं. त्यांनी पाहुण्यांना आणायला बस पाठवली होती, हे खरं आहे, वेळेवर पाठवली, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. पण सगळं?

हां, तुमचा प्रश्न. बेइमानी वगैरे काही नाही. पाळक बदलून जातात, कमिटी तीन वर्षांनी भांडून बदलते, त्यांच्याशी कसली इमानदारी. 1970 ला नागपूरला सहा चर्चेस एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणजे आपल्या आज्यांनीसुद्धा एका अर्थी चर्च बदललंच, बाक मात्र तेच राहिले आणि शेजारी बसणारे तेच. मी धरून आहे ती त्या शेजारी बसणाऱ्यांना. तुम्हाला अजून शेजारच मिळालेला नाही, मग सोडताय काय?

आधी नाशिकच्या मंडळीकडून सभासद असल्याचं पत्र आणलंय का? नसेल तर आणा, त्याशिवाय रजिस्टरला नाव चढत नाही आणि लग्नाच्या वेळी धावपळ होते. आशीर्वाद झाला की लगेच बाइकला किक मारत असाल तर ते बंद करा, चहाला थांबा, खुर्च्या उचला. कोणी सांगायची वाट बघू नका, आपल्याकडे सांगत नाहीत, नुसतं बघत राहतात.

हे सगळं नीट चाललेल्या ठिकाणाबद्दल. जिथे पगाराची स्लिप मागून दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा मोजतात, घरच्यांशी बोलू नको सांगतात, पोरीबाळींशी वागणं बरोबर नाही, तिथून त्याच दिवशी निघा, मग ते जुनं दगडी चर्च असो नाहीतर हॉल. आणि जातीवरून कोणी टोचलं तर ऐकून घेऊ नका, मी घेतलं, चूक केली.

जाऊबाईंचंही एक सांगायला हवं, नाहीतर मीच खोटी पडेन. त्या फेलोशिपला गेल्या त्याच्या आधी त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात, आणि आमच्या मंडळीतून कोणी फिरकलं नाही. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की तुम्ही कळवलंच नाही तर कसं कळणार. हे मी बोलायला नको होतं. मी घरातली होते, मीच कळवायचं होतं. त्यानंतर आम्ही भेटींची यादी सुरू केली, तीत माझं नाव आहे, आणि तरी गेल्या महिन्यात लक्षात आलं की पंख्याखाली डाव्या बाजूला एक मुलगा बरेच दिवस बसतोय आणि त्याचं नाव मला माहीत नाही. विचारेपर्यंत तो बाइक काढून गेला. तो तुम्ही असाल तर येत्या रविवारी थांबा, चष्मा लावलेली, हातात कपांचा ट्रे असलेली बाई म्हणजे मी.

कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, जाते. आणि जाऊबाई, तुम्ही हे वाचणार मला माहितीये. सासूबाईंच्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर दीडशे कप मी आणि मावशींनी धुतले. तुमची फेलोशिप तोवर बसमध्ये बसली होती.