नाशिकमध्ये आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय, रायटिंग ६ वरच अडकलंय. ७ साठी काय करू?

आधी टास्क २, म्हणजे निबंध, सुधारा, कारण त्याचं वजन टास्क १ च्या दुप्पट असतं. ६० मिनिटांपैकी ४० त्यालाच द्या: ५ मिनिटं आराखडा, ३० लेखन, ५ तपासणी. गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी, शब्दसंपदा, व्याकरण. बहुतेक जण पहिल्यातच अडकतात. ‘कितपत सहमत आहात?’ विचारलं की दोन्ही बाजू लिहितात, पण स्वतःचं मत शेवटपर्यंत कळत नाही. मत पहिल्याच परिच्छेदात सांगा. पुढे प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचं कारण आणि ठोस उदाहरण. पाणीटंचाईवर निबंध आला तर ‘सरकारने पावलं उचलावीत’ यापेक्षा निफाडच्या द्राक्षबागेतलं ठिबक कितीतरी उपयोगी. क्लासमधली पाठ केलेली भारदस्त वाक्यं परीक्षक लगेच ओळखतो, ती सोडा. ७ साठी बिनचूक वाक्यं वारंवार दिसावी लागतात. आपल्याकडे घोळ होतो तो ‘ए’, ‘द’ आणि एकवचनी कर्त्यापुढच्या क्रियापदाच्या ‘एस’मध्ये, म्हणून शेवटची तपासणी फक्त त्यांचीच करा.

आलेख असेल तर टास्क १ मध्ये ठळक कल सांगणारी एक-दोन वाक्यं हवीतच. जनरल ट्रेनिंग हा परीक्षेचा दुसरा प्रकार देणाऱ्यांना मात्र तिथे पत्र असतं.