ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये भाऊ सापडला : दहा हजार भरून मोकळं व्हावं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. शनिवारी रात्री साडेअकराला पुण्यात नाकाबंदीत धाकट्या भावाला अडवलं, मशिनमध्ये फुंकायला लावलं, आकडा ७८ आला. लायसन्स आणि गाडी पोलिसांनी ठेवून घेतली, त्याला चौकीत बसवून ठेवलं आणि पहाटे सह्या घेऊन सोडलं. आता ओळखीचा एजंट म्हणतोय, "कोर्टात उभा राहून कबूल कर, दहा हजार भर, अर्ध्या तासात मोकळा." आणि दोन महिन्यांनी भावाचा अमेरिकेच्या व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे. कबूल करावं का, हा तुमचा प्रश्न.

मी सतराएक वर्षं वकिली करतोय, त्यातली बरीचशी मोटार वाहनांच्या केसेस आणि अपघाताच्या दाव्यांमध्ये गेली. एजंट अर्धं खरं बोलतोय. भाऊ बहुतेक अर्ध्या तासात कोर्टाबाहेर येईलही. पण दहा हजार हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, आणि बाकीचं बिल कुठून कुठून येतं हे एजंटाला माहीत नसतं, किंवा त्याला सांगायचं नसतं.

आधी आकडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. इंग्लंडात ही मर्यादा ८० आहे, त्यामुळे तिकडून आलेली मंडळी "एवढ्यावर काय होतं" म्हणतात आणि इथे अडकतात. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. २०१९ ची दुरुस्ती होण्याआधी पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त २,००० होता. लोकांच्या डोक्यात अजून तोच जमाना आहे.

त्याच जमान्यातला दुसरा गैरसमज म्हणजे "जागेवरच पावती फाडली असती तर मिटलं असतं." सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, तिथे जागेवर किंवा ऑनलाइन तडजोड शुल्क भरून विषय संपतो. कलम १८५ तडजोडीच्या यादीतच नाही. कॉन्स्टेबल असो की मोठा साहेब, त्याला हे मिटवण्याचा अधिकार नाही. केस मॅजिस्ट्रेटपुढेच जाते. "आतून मिटवतो" असं कोणी म्हणत असेल तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा तुमच्या भावाकडून आणखी एक गुन्हा करवून घेतोय.

आता मुद्द्याचं. शनिवारी रात्री नक्की काय झालं, कागदावर काय झालं? तुम्ही लिहिलंय "अटक केली", पुढे लिहिलंय "सही घेऊन सोडलं". बऱ्याच प्रकरणांत पोलीस चाचणी घेतात, मशिनची चिठ्ठी काढतात, लायसन्स ठेवतात आणि कोर्टात हजर राहायला सांगून सोडतात. अटकेचा कागद होतच नाही. काही प्रकरणांत रीतसर अटक दाखवून, जामीन घेऊन सोडतात. हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे ठाण्यातच जामीन मिळणं हा त्याचा हक्क, कुणाची मेहरबानी नव्हे. भावाने सही कशावर केली, हे त्याला आठवत नसणार. त्या अवस्थेत कुणालाच आठवत नाही. म्हणून पहिलं काम ते कागद बघणं.

अटक झालीच असेल तर कलम २०२ मध्ये एक तरतूद आहे, जिचा इंटरनेटवर फार उदो उदो होतो : अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. सोडायचं ते कोठडीतून. केस त्याने आपोआप मरत नाही. तरी अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही लिहून ठेवा, वकिलाला ती लागते. मशिनच्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, मशिनचा क्रमांक आणि आकडा असतो, ती नक्की बघा. फुंकायला नकार देणारे हुशार समजतात स्वतःला. नुसता वास आला आणि नकार दिला, तर त्याच कारणावर अटक करता येते आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार पुढे कोर्टात त्याच्याविरुद्धच वापरला जातो.

उलट बाजूही सांगतो. केवळ तोंडाला वास, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोल जात होता, एवढ्यावर माणूस दारूच्या अंमलाखाली होता हे सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात म्हटलं होतं. तिथे रक्ताची तपासणीच झालेली नव्हती. तुमच्या भावाकडे मात्र ७८ चा आकडा आहे. माउथवॉशने किंवा खोकल्याच्या औषधाने मशीन फसतं, पण तोंडातलं अल्कोहोल पाव तासात उडून जातं. चौकीत पुन्हा फुंकून पाहण्याची संधी मागता येते. ती शनिवारी मागितली असती तर. आता नाही.

(जाता जाता : १०० मिलीलीटर रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम इतकंच कमी होतं. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही वेग वाढत नाही. माझा एक अशील रात्री एकपर्यंत पिऊन झोपला आणि सकाळी साडेसातला आईला स्टेशनवर सोडायला निघाला. मशिनने ४१ दाखवलं. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. आई मागच्या सीटवर.)

तर कबूल करावं का? "कबूल" हा शब्द उच्चारला की तो दोषी ठरतो. दंडाची पावती मिळते तशी शिक्षेची नोंदही होते. कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं. "मी प्यायलोच नव्हतो" असं नंतर म्हणता येत नाही. पुढे कधी पुन्हा सापडला, तर ही पहिली नोंद असल्यामुळे दुसरी वेळ लगेच २ वर्षांच्या कलमात जाते. आणि मॅजिस्ट्रेटच्या मनात आलं तर दंडासोबत कोर्ट उठेपर्यंतची कैद देऊ शकतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टातच बसायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कागदावर ती कैदेची शिक्षा असते.

लढला तर? चिठ्ठी व्यवस्थित आणि वेळा जुळत असतील, तर ७८ वर लढण्यात फारसं हाती लागत नाही, तारखा मात्र लागतात. म्हणून माझं मत असं : कागद न बघता पहिल्या तारखेला कबूल करू नका, वकीलपत्र दाखल करून तारीख मागा. कागदांत भोक असेल तर लढा. नसेल तर वकिलामार्फत कबूल करून सौम्य शिक्षेची विनंती करा. शेवटी कदाचित एजंट म्हणतो तेच होईल. पण आंधळेपणाने होणार नाही.

लायसन्सचं लोक विसरतात. पोलीस जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे पाठवतात आणि आरटीओ सुनावणी देऊन पहिल्या गुन्ह्याला ३ महिने अपात्र ठरवू शकतं, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच. हा झाला आरटीओचा रस्ता. कोर्टाचा वेगळा आहे : कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याला किमान ६ महिने अपात्र करावं, असं कलम २० सांगतं. एजंटाच्या अर्ध्या तासात हे बसत नाही. आरटीओची नोटीस आली की जायचं; घरात धूळ खात पडू द्यायची नाही. अपात्रतेच्या काळात गाडी चालवताना सापडला, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

आता व्हिसा, म्हणजे तुमची खरी काळजी. अमेरिकेच्या व्हिसा अर्जाच्या, म्हणजे डीएस-१६० फॉर्मवर प्रश्न "शिक्षा झाली का" एवढाच नाही, "अटक झाली किंवा दोषी ठरलात का" असा आहे. म्हणून अटकेचा कागद आहे की नाही याला मी एवढं महत्त्व देतोय. गेल्या ५ वर्षांत दारूशी संबंधित एक अटक असली, तरी वकिलातीचे अधिकारी त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. त्यात काही आठवडे जातात. एवढ्याने व्हिसा कायमचा नाकारला जातो असं नाही. खोटं उत्तर दिलं तर मात्र चुकीची माहिती दिली म्हणून दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो, आणि तो उघडणं फार कठीण. हातात व्हिसा असताना तिकडे असाच प्रकार झाला तर ते व्हिसा रद्द करतात, केस निकालात निघायची वाटही बघत नाहीत. कॅनडाचा कायदा डिसेंबर २०१८ पासून याहून कडक आहे. तिथे हा गंभीर गुन्ह्यांत मोडतो. कागद काहीही सांगोत, फॉर्म भरण्याआधी अमेरिकी इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या. मी त्या कायद्याचा माणूस नाही. इंटरव्ह्यूला जाताना प्रलंबित केस घेऊन जाण्यापेक्षा निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणि दंडाची पावती हातात असलेली बरी, एवढं अनुभवाने सांगतो. त्या अर्थाने दोन महिने पुरेसे आहेत, रेंगाळलात तर नाहीत.

पासपोर्ट नवा काढायचा किंवा नूतनीकरण करायचं असेल आणि केस चालू असेल, तर आधी कोर्टाची परवानगी लागते. सरकारी नोकरीच्या फॉर्ममध्ये अटक-खटल्याचा रकाना असतो. तिथे लपवणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडलेलं मी पाहिलंय.

विम्याबद्दल थोडंसं, कारण तुमच्या प्रश्नात अपघात नाही आणि देवाची कृपा म्हणा. पिऊन चालवताना स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी पैसे देत नाही. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी भिंतीवर आदळली, तिचा दावा सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये फेटाळला. मशिनची चाचणी झालेली नव्हती, तरीही इतर पुराव्यावरून माणूस प्यायला होता असं दाखवायला विमा कंपनीला आडकाठी नाही, असं त्यात म्हटलं. आणि माणूस मेला तर कलम १८५ बाजूला राहतं. १२ नोव्हेंबर २००६ ला पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जण गेले. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. आता निष्काळजीपणाने मृत्यू झाला तरी भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि प्यायलेल्या ड्रायव्हरवर पोलीस सदोष मनुष्यवधाचंच कलम लावायला बघतात.

उद्या सकाळी चौकीत जा. लायसन्स जमा केल्याची पोचपावती, मशिनच्या चिठ्ठीची प्रत, अटक दाखवली असेल तर तिचा फॉर्म, कोर्टाची तारीख, हे मागा. दिलं नाही तर लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. गाडी सोडवायला आरसी बुक, विमा, पीयूसी सोबत न्या. आणि भावाला नेलंत तरी परत गाडी तुम्ही चालवा. आमच्या एका अशिलाने चौकीतून गाडी सोडवली, खुशीत स्वतःच स्टिअरिंगवर बसला आणि पुढच्याच चौकात लायसन्स विचारलं गेलं.