पणजी, मडगाव आणि वेर्णा इथले सर्व्हर, स्विच नोंदवायला स्वतःचं वेब ॲप बांधावं का?

शक्यतो नको. आधी नेटबॉक्स, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांची नोंद ठेवणारं तयार ॲप, लावून बघा. २०१६ पासून ते मुक्तस्रोत आहे, जँगो (पायथनमधली वेब चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालतं. रॅक (यंत्रं बसवायची कपाटं), केबल, आयपी पत्ते सगळं त्यात मावतं.

तरीही हौस असेलच, तर टेबलांची सुरुवात जागेपासून करा: ठिकाण, रॅक, रॅकमधला यू-क्रमांक (म्हणजे कितवा खण), मग यंत्र. आयपी पत्ता यंत्राला नव्हे, इंटरफेसला (यंत्राच्या नेटवर्क जोडणीला) जोडा. राउटरला एकाहून जास्त पत्ते असतात, आणि ही जोडणी नंतर बदलणं म्हणजे डोकेदुखी. सीरियल नंबर, वॉरंटीची तारीख सक्तीची ठेवा. पावसाळ्यात वीज पडून वेर्ण्यातला स्विच जळाला, की दुकानदार पहिलं तेच विचारणार. यंत्र चालू आहे की बंद, हे एसएनएमपीने (नेटवर्कवरून यंत्रांची स्थिती विचारायची पद्धत) वेगळं तपासा. नोंदवहीत ते मिसळू नका. पासवर्ड तर अजिबात नकोत.