आठवीच्या गणिताची टक्केवारी पाहून घर ठरवू नका

नमस्कार. आपला मुलगा पुण्यात सातवी संपवून मे महिन्यात मध्य न्यू जर्सीत येणार आहे आणि येथे आठवीत बसणार आहे. घराच्या हद्दीतल्या सरकारी मिडल स्कूलला शाळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर दहापैकी पाच गुण दिसतात, आठवीच्या गणिताची टक्केवारी फारच कमी आहे आणि निम्म्याहून अधिक मुले हिस्पॅनिक आहेत, म्हणून जास्त भाडे भरून शेजारच्या गावात जावे का, असे आपण विचारले आहे. आमची मुलगी साताऱ्याच्या सेमी-इंग्रजी शाळेतून नेमक्या याच टप्प्यावर येथे आली होती, म्हणून सविस्तर लिहितो. लसीकरणाचे दाखले आणि पत्त्याचा पुरावा यांविषयी लिहीत नाही, ते आपण केलेच असेल. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, आणि माझा अनुभव न्यू जर्सीपुरता आहे. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी तो जसाच्या तसा लागू करू नये.

ज्या आकड्याने आपण धास्तावला आहात तो आकडाच फसवा आहे. न्यू जर्सीत जी मुले अल्जिब्रा वन, म्हणजे एरवी नववीत येणारा बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, आठवीतच घेतात, ती राज्याच्या परीक्षेत आठवीच्या गणिताचा पेपर देत नाहीत, अल्जिब्राचा देतात. म्हणजे गणितात पुढे असलेली मुले आधीच बाजूला निघतात आणि उरलेल्यांचा निकाल 'आठवीचे गणित' या नावाने छापला जातो. २०१९ साली संपूर्ण राज्याचाच हा आकडा ३० टक्क्यांच्या खाली होता, आणि न्यू जर्सी शिक्षणात मागासलेले राज्य आहे असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ही टक्केवारी पाच पातळ्यांपैकी चौथ्या आणि पाचव्या पातळीवरच्या मुलांची असते, त्यामुळे बाकीची सगळी मुले नापास झाली असा तिचा अर्थ होत नाही. सहावी व सातवीचे गणित पाहा, आणि आठवीतल्या किती मुलांनी अल्जिब्राचा पेपर दिला ते पाहा.

आता मुलांच्या गटांविषयी. अमेरिकेच्या २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावी लागते आणि निकाल वंश, उत्पन्न, अपंगत्व व इंग्रजी शिकणारी मुले अशा गटांनुसार वेगळे जाहीर करावे लागतात. आपल्या मंडळींना यातली फक्त 'आशियाई' ही ओळ वाचायची सवय आहे, आणि 'आपली मुले किती' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. मला ही सवय आवडत नाही, आणि ती उपयोगाचीही नाही. त्या एका ओळीत गुजराती, चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळे एकत्र असतात. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या ओळीतला आकडा तर कमीच राहणार, कारण मूल इंग्रजीत तयार झाले की ते त्या गटातून बाहेर पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातील शाळांच्या निकालांचा अभ्यास केला आहे. त्यात सरासरी गुण पालकांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट बांधलेले दिसतात, पण वर्षागणिक होणारी प्रगती तितकी बांधलेली दिसत नाही. म्हणून राज्याच्या शाळा अहवालात 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' शोधा. त्यात मुलाची तुलना पूर्वी त्याच्याएवढेच गुण मिळवलेल्या राज्यातल्या मुलांशी केलेली असते, आणि ५० हा मध्य समजावा. साधारण टक्केवारीची पण ५० च्या वर असलेली शाळा मला उच्च टक्केवारीच्या सुस्त शाळेपेक्षा केव्हाही चालेल.

मात्र आमचे सर्वांत मोठे नुकसान यांपैकी कुठल्याही आकड्यामुळे झाले नाही. ते एका कार्यालयामुळे झाले, त्याचे नाव लिहीत नाही. मुलीचे प्रगतिपुस्तक पुढे केले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी 'ए-वन' या श्रेणीवर बोट ठेवून, ही तिची तुकडी आहे का, असे विचारले. श्रेणी आहे म्हटल्यावर टक्के मागितले, आणि टक्के प्रगतिपुस्तकात नव्हते. तिला सरळ साध्या गणिताच्या वर्गात टाकले. महाराष्ट्रात सातवीच्या पुस्तकात असलेला पायथागोरसचा सिद्धांत येथे आठवीत येतो, त्यामुळे ती शिकलेलेच पुन्हा शिकत बसली. अल्जिब्राची प्रवेश परीक्षा घ्या म्हणालो, तर ती वसंत ऋतूत सातवीच्या मुलांची होऊन गेली, असे उत्तर मिळाले. शाळा म्हणे जिल्हा कार्यालयाला (म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या 'स्कूल डिस्ट्रिक्ट'च्या कार्यालयाला) विचारा, जिल्हा कार्यालय म्हणे समुपदेशकांना विचारा, आणि समुपदेशक सुट्टीवर. अशी टोलवाटोलवी चालली तोवर अल्जिब्राचे वर्ग भरले होते.

एका वर्षाने एवढे काय बिघडते, असे वाटेल. येथे गणिताचे विषय वर्षाला एक असे ओळीने येतात: नववीत अल्जिब्रा, मग जॉमेट्री (भूमिती), मग अल्जिब्रा टू आणि बारावीत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे शाळेत असेपर्यंत कॅल्क्युलस (कलनशास्त्र) येतच नाही. ते गाठण्यासाठी तिने पुढे एका उन्हाळ्यात पदरमोड करून जॉमेट्री केली. कॅल्क्युलसवाचून आयुष्य अडते असे मी म्हणत नाही, पण तो निर्णय मुलीचा असायला हवा होता, खिडकीतल्या बाईंचा नव्हे.

म्हणून माझे मत असे, की येथील शाळा जूनअखेर बंद होतात, त्यापूर्वीच मुख्याध्यापकांना ईमेल करून बाहेरून येणाऱ्या मुलासाठी अल्जिब्राची स्वतंत्र चाचणी मागावी. फोनवर बोलणे झाले तरी त्याचा गोषवारा त्याच दिवशी ईमेलने पाठवावा. निघण्यापूर्वी पुण्याच्या शाळेकडून लेटरहेडवर दोन गोष्टी इंग्रजीत लिहून घ्याव्यात: श्रेणी म्हणजे किती ते किती टक्के, आणि सातवीच्या गणितात कोणते घटक झाले. पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेची प्रतही सोबत असू द्या. जाता जाता, घरी कोणती भाषा बोलता या अर्जात मराठी लिहायला कचरू नका. त्यावरून इंग्रजीची चाचणी होते, ती मुलगा सहज देईल.

शेजारच्या गावाविषयी एवढेच, की करारावर सही करण्यापूर्वी तेथील शाळेलाही अल्जिब्राची चाचणी नव्या मुलांसाठी उन्हाळ्यात घेता का, हे विचारा. नाही म्हणाले, तर निदान गणितापुरते तरी जास्तीच्या भाड्याने या वर्षी मुलाच्या पदरात काही पडणार नाही.