चौकातलं ऊन

प्रिय चिऊ,

रविवारी नाताळासाठी सजवलेला चॅट्सवर्थचा जुना महाल बघून परत येताना तू विचारलंस, "आई, आपल्या मराठी लोकांची जुनी मोठी घरं थंडीत अशी सजवतात का? तिथे काय करतात?" मी गाडी चालवत होते. "वाड्यात संक्रांत असते," एवढंच म्हणाले आणि नंतर रात्रभर ते अपुरं उत्तर मला टोचत राहिलं. तुला आता मराठी भराभर वाचता येतं, म्हणून नीट लिहिते.

इथे इंग्लंडात थंडी आली की सगळं घराच्या आत जातं. झाडसुद्धा दिवाणखान्यात आणून उभं करतात. चार वाजताच अंधारून येतं, मग माणसं तरी काय करणार! आपल्या वाड्यात उलट व्हायचं. थंडी पडली की घर बाहेर यायचं, म्हणजे चौकात.

चौक म्हणजे वाड्याच्या मधोमध आभाळाखालची फरसबंद जागा. मध्ये तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी ओसरी. पौषात सूर्य दक्षिणेकडून, खालून खालून जातो. त्याचं ऊन वळचणीखालून आत शिरतं आणि उत्तरेकडच्या ओसरीवर पार भिंतीपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ऊन छपराच्या कडेलाच अडतं. वाईला माझ्या आजोळी सकाळी नऊच्या सुमाराला सगळं घर त्या ओसरीवर असायचं. पणजी वाती वळत बसलेली, मामा पेपर वाचत, आम्ही पोरं बंबातल्या कढत पाण्याने न्हाऊन केस वाळवत. ऊन सरकेल तशी सतरंजी सरकायची.

सणही तिथेच. कार्तिकात वृंदावनापुढे उसाचा मांडव घालून तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमेला कोनाड्याकोनाड्यात पणत्या, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीला सुगडं. बोरनहाण तुझंही झालं, पण इथे कार्पेटवर. वाड्यात बोरं ओसरीवरून उड्या मारत चौकात जायची आणि ती वेचायला शेजारपाजारची पोरं तुटून पडायची.

सगळ्यात आवडती मात्र रथसप्तमी. माघ शुद्ध सप्तमी, सूर्याचा दिवस. आजी वृंदावनाजवळ रांगोळीने सूर्याचा रथ काढायची. शेजारी गोवऱ्या पेटवून त्यांवर छोट्या बोळक्यात दूध ठेवायची आणि ते उतू जाईपर्यंत आम्ही सगळे उकिडवे बसून बघत राहायचो. एरवी दूध उतू गेलं की ओरडा बसायचा, त्या दिवशी ते उतू जायलाच हवं असायचं. करपलेल्या दुधाचा आणि गोवरीच्या धुराचा तो वास मला अजून येतो.

आणि बघ, पुण्याचा शनिवारवाडा आहे ना, पहिल्या बाजीरावाचा? त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, दोन्ही दिवस शनिवार. वास्तुशांतीचा तो दिवस होता रथसप्तमीचा. एवढा मोठा वाडा, आणि त्यात राहायला जायला मुहूर्त धरला तो सूर्याचा! १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. आता तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत.

तू विचारलंस तसं सजवून, तिकीट लावून थंडी दाखवण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही. वाड्यातली थंडी तिथे राहणाऱ्यांचीच असायची. म्हणून वाडा गेला की तीही जाते. आजोळचा वाडा पाडला, तिथे आता चार मजली इमारत आहे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पण वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा अजून उभा आहे. पुढच्या डिसेंबरात गेलो की तुला तिथल्या चौकात नेईन. ऊन कुठपर्यंत येतं ते तूच बघ.

तोवर एक गोष्ट इथेही करता येईल, हलवा. आजी परातीत तीळ घ्यायची, खाली अगदी मंद निखारे. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी तीळ हलवत राहायचं, तो सुकला की पुढचा चमचा. असं तीन-चार दिवस. तिच्या बोटांची टोकं लाल व्हायची. मग हळूहळू एकेका दाण्याला बारीक पांढरा काटा फुटायचा. त्याला थंड, कोरडी हवा लागते, म्हणून हलवा संक्रांतीचाच. शनिवारी सकाळी बसू या. हीटिंग बंद करू, खिडकी थोडी उघडी ठेवू. तू स्वेटर घाल, आणि नखं आधी कापून घे.

तुझी,
आई