भरतीला दार कोण लावतं?

जुलैची पत्रं पावसासारखीच येतात. महिनाभर काही नाही, मग एकदम ढीग. या खेपेला रेल्वेच्या तारांविषयीचं एक पत्र सोडलं तर बाकी सगळी टाकी, नळ, गटार आणि खाडी. मी 34 वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली. त्यामुळे मला पुस्तकापेक्षा पान्याची भाषा जास्त येते, हे नेहमीचे वाचक जाणतातच. नव्यांनी सांभाळून घ्यावं.

वाशीहून एक वाचक लिहितात: आमच्या घरामागे होल्डिंग पाँड आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की माझा मुलगा खिडकीत उभा राहून विचारतो, आई, समुद्र आत का येत नाही? रात्री कुणी माणूस जाऊन दार लावतो का?

कुणी जात नाही. भरतीला दार समुद्रच लावून घेतो आणि ओहोटीला तेच दार पावसाचं पाणी ढकलून उघडतं. वीज नाही, मोटर नाही, पाळीचा माणूस नाही.

खाडीलगतच्या तुमच्या भागात पन्नासेक वर्षांपूर्वी भातखाचरं, मिठागरं आणि चिखल होता. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि शहराची आखणी सुरू झाली, तेव्हाची मोठी अडचण हीच की खाडीकडची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली. सगळीकडे उंच भराव घालायचा तर तेवढी माती आणायची कुठून? मग हॉलंडवाल्यांची युक्ती घेतली. पावसाळी गटारं थेट खाडीत न सोडता आधी एका तळ्यात सोडायची, तेच तुमचं होल्डिंग पाँड. तळ्यातून खाडीकडे जाणाऱ्या मोरीला बाहेरच्या अंगानं झडप टांगायची, बिजागरी वरच्या कडेला. तळ्यातलं पाणी खाडीपेक्षा वर असलं की झडप बाहेर लोटली जाते. खाडी चढली की तीच झडप चौकटीवर दाबून बसते.

दाब किती म्हणाल तर झडप एक मीटर लांब, एक मीटर उंच आणि दोन्हीकडून बुडालेली धरा. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा फक्त 10 सेंटिमीटर वर असलं तरी तिच्यावर 100 किलोंचा भार येतो. एवढ्या जोरानं दार ओढून धरायला घरात दोन माणसं लागतील.

भरती असेपर्यंत शहरातला पाऊस त्या तळ्यात साठतो. एक चौरस किलोमीटर वस्तीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 50 हजार घनमीटर पाणी होतं. 10 हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर 5 हजार टँकर, आणि हे एका तासाचे. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास असतात. त्यातले जितके तास झडप बंद, तितके तास हे सगळं पाणी तळ्यानं पोटात ठेवायचं. गाळ साचला की पोट लहान होतं. त्या गाळात खारफुटी उगवते, ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते आणि गाळ काढायचं काम फायलीत जाऊन बसतं. मला खारफुटीही हवी आणि कोरडा तळमजलाही हवा. दोन्ही एकाच तळ्याकडून मागितल्यावर ओढाताण होणारच.

आता ही युक्ती हॉलंडचीच का, याविषयी जरा बोलतो. आमच्या पाळीत उरणकडचा एक आगरी ऑपरेटर होता. एकदा लावणीच्या दिवसांत तो मला गावी घेऊन गेला आणि खारबांधावरची उघाडी दाखवली. बांधाच्या पोटातून गेलेली दगडी मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडावर जाड फळ्यांची झडप. खालची कड शेवाळानं हिरवीगार, तिच्यावर कालवांचे कपचे चिकटलेले. वर बिजागरीच्या जागी लाकडी खुंट, कारण खाऱ्या हवेत लोखंड चार पावसाळे टिकत नाही. ओहोटी लागली होती. बराच वेळ काहीच होईना. मग फळी जराशी थरथरली, खालून पाण्याची एक पातळ पात सुटली आणि बघता बघता शेतातलं गढूळ पाणी खळाळून खाडीत जायला लागलं. तोंडाशी त्याच्या चुलत्यानं जाळं लावून ठेवलं होतं, त्यात चिवण्या तडफडत होत्या. कारखान्यात ज्याला मी नॉन-रिटर्न व्हॉल्व म्हणत होतो आणि जो मागवायला तीन सह्या लागत, तो इथं गावच्या सुतारानं बसवला होता. तुमचं होल्डिंग पाँड म्हणजे या उघाडीचा शहरी अवतार, असं माझं मत त्या दिवसापासून आहे. डच पद्धत म्हणा खुशाल, पण उघाडी हा शब्दही मुलाला शिकवा.

चुलत्यांनी एक गोष्ट सांगितली होती. फटीत एखादी करवंटी अडकली तरी रात्रीच्या भरतीत खारं पाणी आत शिरतं आणि ते शेत पुढली दोन-तीन वर्षं धड पीक देत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत बांधावर चक्कर ठरलेली. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं: दार लावायला कुणी जात नाही, अडकलंय का ते बघायला मात्र कुणीतरी जावंच लागतं.

ठाण्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात: सातव्या मजल्यावर शॉवरला धार नाही. गच्चीवरची 2 हजार लिटरची टाकी काढून 5 हजारांची बसवली तर प्रेशर वाढेल का? सभेत यावरून भांडण झालं.

नाही वाढणार. प्रेशर पाण्याच्या उंचीचं असतं, साठ्याचं नसतं. दर दहा मीटरला एक किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब), हा हिशेब पाठ करा. तळमजल्याला दोन किलो मिळतात. सातव्या मजल्याचा शॉवर टाकीतल्या पाण्याच्या जेमतेम तीन मीटर खाली, म्हणजे 0.3 किलो. टाकी उंच स्टँडवर चढवा, किंवा फक्त वरच्या मजल्याच्या लाइनला लहान प्रेशर पंप लावा. टाकीतून निघणारा पाइप बारीक असेल किंवा आतून क्षार धरून आवळला असेल तर तो आधी बदला, कदाचित तेवढ्यात भागेल. 5 हजार लिटरची टाकी म्हणजे स्लॅबवर पाच टन. ती चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. भांडण तेव्हा करा.

नौपाड्यातून 72 वर्षांच्या एक वाचक: घरी नवीन वॉशिंग मशीन घेतलं. मशीन पाणी घेता घेता थांबलं की भिंतीतून धाड असा आवाज येतो. दुपारी मी एकटी असते, छातीत धस्स होतं. प्लंबर म्हणतो हवा आहे, शेजारी म्हणतात जुन्या वाड्याची जागा आहे.

ताई, वाड्याला दोष देऊ नका, पाइपात पाणीच आपटतंय. ठाणे स्टेशनातून सुटलेल्या लोकलचा पहिला डबा अचानक भिंतीला टेकला तर मागचे अकरा डबे काय करतील, तेच. जुन्या नळाला चार फेरे असत, त्यामुळे पाणी हळूहळू थांबायचं. मशीनच्या आत विजेवर चालणारा व्हॉल्व असतो, तो डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद होतो. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी एका क्षणात अडवलं तर तेवढ्यापुरतं 12-13 किलो प्रेशर उठतं. तुमच्या नळाला एरवी एखाददुसरा किलो असेल. प्रत्यक्षात व्हॉल्व इतका झटकन मिटत नाही, म्हणून धक्का पुष्कळ कमी बसतो. पण भिंतीतला पाइप क्लॅम्पमधून सुटलेला असला की तेवढ्यानंही तो विटेवर आदळतो.

हा धडा मी फार स्वस्तात शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी थंड पाण्याच्या चार इंची लाइनचा लिव्हरचा व्हॉल्व मी हुशारी दाखवत खटकन ओढला. सगळी लाइन उसळली, आणि प्रेशर गेजचा काटा पार टोकाच्या खिळ्यावर जाऊन आपटला तो वाकडाच झाला. आमच्या मिस्त्रींनी एक शब्द काढला नाही. तो वाकडा गेज माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि स्टोअरमधून नवा आणायला पाठवलं, भर दुपारी, सगळ्या डिपार्टमेंटसमोरून.

तुम्ही एवढं करा. मशीनच्या मागचा अँगल कॉक अर्धा बंद ठेवा, मशीन भरायला दोन मिनिटं जास्त लागतील पण पाण्याचा वेग कमी होईल. बहुतेक यातच आवाज जाईल. नाही गेला तर प्लंबरला मशीनच्या नळाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वर हातभर बंद तोंडाचा उभा पाइप बसवायला सांगा. त्यात हवा अडकून राहते आणि धक्का उशीसारखा झेलते. काही महिन्यांनी ती हवा पाण्यात विरघळून संपते. मग लाइन एकदा पूर्ण रिकामी करायची की पुन्हा भरते. म्हणजे तुमचा प्लंबर हवा म्हणाला ते बरोबरच, फक्त ती जास्त नाही, कमी आहे.

रोज ठाण्याहून लोकल पकडणारे एक वाचक: रुळांच्या कडेच्या काही खांबांना जाड चकत्यांची माळ टांगलेली दिसते. ती कशासाठी?

ती वजनं वरची तार ताणून धरतात. लोकलला 25 हजार व्होल्टची वीज देणारी ती तार तांब्याची, आणि तांबं उन्हानं लांबतं. 750 मीटर तार 30 अंशांनी तापली तर सुमारे 38 सेंटिमीटर वाढते. दोन्ही टोकं पक्की बांधली तर मे महिन्यात तार झोळीसारखी लोंबेल आणि जानेवारीच्या पहाटे तंबोऱ्यासारखी ताणली जाईल. म्हणून टोक कप्पीवरून घेऊन वजनाला बांधतात. कप्प्यांची जुळणी तीनास एक असेल तर तार 38 सेंटिमीटर वाढल्यावर वजन मीटरभराहून अधिक खाली येतं. एकच खांब धरून ठेवा, पहाटेच्या गाडीला आणि दुपारच्या गाडीला माळ कुठवर आहे ते फलाटावरूनच पाहा. जवळ जायचं नाही, हे सांगायला नको. तिथं उभे आहातच तर वर बघा, तार सरळ रेषेत नसते, एका खांबाला थोडी डावीकडे तर पुढच्याला उजवीकडे. मुद्दाम तशी ओढलेली असते, नाहीतर डब्यावरच्या पँटोग्राफची, म्हणजे तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याची, पट्टी एकाच जागी घासून खाच पडेल.

घोडबंदर रोडवरून आठवीतला एक मुलगा: काका, आमचा टॉवर 30 मजल्यांचा आहे. सगळ्यांचं सांडपाणी पाइपातून खाली पडतं. त्या पाइपात टर्बाइन बसवलं तर सोसायटीचं वीजबिल शून्य होईल का? बाबा हसले.

बाबांना हसू दे, आपण हिशेब करू. मजल्यावर चार घरं म्हणजे 120 घरं, घरटी दिवसाला 500 लिटर, एकूण 60 हजार लिटर. वजन 60 टन. कुणाचं पाणी तिसाव्या मजल्यावरून पडतं, कुणाचं पहिल्या, सरासरी 45 मीटर धर. 60 हजार गुणिले 9.8 गुणिले 45, म्हणजे सुमारे 2 कोटी 65 लाख ज्यूल. 36 लाख ज्यूलचं एक युनिट होतं. भागलंस तर साडेसात युनिटंसुद्धा भरत नाहीत. टर्बाइननं निम्मं पकडलं तरी खूप झालं, म्हणजे साडेतीन-पावणेचार. एका घराच्या वाट्याला 9 वॅटचा एक बल्ब तीन तास.

आता ते पाणी वर कुणी नेलं ते बघ. सगळेच्या सगळे 60 टन आधी 95 मीटरवर गच्चीच्या टाकीत चढवावे लागले. पंपाचं नुकसान धरता त्याला 28 युनिटांच्या आसपास लागतात. 28 घालून साडेतीन परत मिळवायची.

अजून एक अडचण आहे आणि मला तीच जास्त आवडते. सांडपाण्याचा पाइप भरून वाहत नाही. पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून गोल पडद्यासारखं उतरतं, मधे हवेचा पोकळ खांब राहतो. भिंतीशी घासल्यामुळे एक-दोन मजल्यांतच त्याचा वेग ठरून जातो, मग ते दहाव्या मजल्यावरून आलेलं असो की तिसाव्या, तळाशी जवळपास सारख्याच वेगानं पोचतं. म्हणून तर तुमच्या टॉवरचं खालचं वळण फुटत नाही. टर्बाइनला हवा असतो पाण्यानं ठासून भरलेला पाइप.

तसा पाइप तुझ्यापासून फार लांब नाही. घाटावर साठवलेलं पाणी सुमारे 500 मीटर खाली खोपोलीत आणून टाटांनी 1915 साली मुंबईसाठी वीज काढली. तिथं पाणी वर नेण्याचं काम पाऊस फुकट करतो, आणि टर्बाइनमधून सुटलेलं पाणी पुढे पाताळगंगेतून वाहत जातं. तुझी कल्पना तीच आहे, फक्त तू पाऊस सोडून पंप घेतलास.

आता एक काम कर. तुमच्या वॉचमनकाकांना पंपाचा मीटर कुठे आहे ते विचार, सलग सात दिवस सकाळी सातला त्याचं रीडिंग वहीत लिही आणि मला कळव. माझे 28 युनिट अंदाजाचे आहेत. ते चुकलेले निघाले तर पुढच्या अंकात तुझा आकडा छापतो.